वाक्य आपलं, तोंड साडूचं

माणसाने शेजाऱ्याच्या गाडीवर जळावं, सहकाऱ्याच्या बढतीवर जळावं, फारच निकड असेल तर सख्ख्या भावाच्या दाट केसांवर जळावं. याला समाजाची मान्यता आहे. पण स्वतःच लिहिलेल्या वाक्यांवर जळण्याची पाळी आजवर कोणावर आली असेल असं वाटत नाही. ती आमच्या नाटककारावर आली.

'नाटककार' हे त्याला बिल्डिंगने ठेवलेलं नाव. पोटासाठी तो एका छोट्याशा स्टुडिओत गाद्या, खोकल्याचं औषध आणि गळके नळ यांच्याविषयी जाहिराती लिहायचा, आणि हौसेपोटी सोसायटीच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक नाटुकलं बसवायचा. त्या नाटुकल्यांना सगळे हसत. चेअरमन हसत, तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर हसत, ज्यांना ऐकू येत नाही असे आजोबासुद्धा शेजारच्यांकडे बघून हसत. हसत नसे ती एकटी त्याची बायको. ती पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर लोकांचं रक्त काचेवर पसरून बघायची सवय असल्यामुळे विनोदही ती तसाच बघायची. नाटककाराने विनोद सांगितला की ती पूर्ण ऐकून घ्यायची, थोडी थांबायची आणि विचारायची, "झालं?"

"झालं," नाटककार म्हणायचा.

"बरं," असं म्हणून ती कामाला लागायची.

तर या बाईला एकदा, फक्त एकदा, पोट धरून हसवायचं, ही नाटककाराची आयुष्यातली एकमेव महत्त्वाकांक्षा होती. मोठमोठी माणसं जग जिंकायला निघतात. ती माणसं लग्न झालेली नसावीत.

अशात त्याच्याकडे ते काम आलं. मोबाइलवरचे खेळ बनवणारी एक कंपनी होती. तिला धावण्याच्या खेळासाठी विनोदी श्रुतिका हवी होती. खेळ असा, की माणसाने कानात हेडफोन घालायचे, मोबाइल खिशात टाकायचा आणि धावत सुटायचं. कानात नाटक सुरू होतं आणि त्या नाटकाचा नायक म्हणजे धावणारा स्वतः. त्याने सरकारी कचेरीतून चुकून दुसऱ्याची छत्री उचलली आहे आणि एक हवालदार त्याच्या मागे लागला आहे. गंमत म्हणजे माणूस धावतोय, चालतोय की उभा आहे हे मोबाइलला कळतं, आणि तो त्या-त्या वेळचा तुकडा ऐकवतो. म्हणजे लेखकाने प्रत्येक प्रसंग तीनदा लिहायचा, धावणाऱ्यासाठी वेगळा, चालणाऱ्यासाठी वेगळा आणि दमून उभ्या राहिलेल्यासाठी वेगळा.

"तुझ्या नाटकातून लोक पूर्वीही पळायचे," चेअरमन म्हणाले. "आता निदान त्यांचं वजन तरी उतरेल."

दातांच्या डॉक्टरांनी सल्ला दिला की हवालदाराचे दात किडलेले दाखवावेत, म्हणजे मनोरंजनातून आरोग्याचा प्रसार होईल. नाटककाराने दोघांचंही हसून ऐकून घेतलं, कारण त्याच्या डोक्यात वेगळंच गणित होतं. बायकोची साखर थोडी वाढली होती आणि डॉक्टरने तिला रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. म्हणजे कान तिचे, शब्द याचे, आणि मध्येच उठून कुकर बघायला जायची सोय नाही. इतका हक्काचा प्रेक्षक जगात कोणत्याही नाटककाराला मिळालेला नव्हता.

कंपनीच्या मॅडम अत्यंत तंदुरुस्त होत्या. त्या कधी बसत नसत. मीटिंगसुद्धा कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत घेत, त्यामुळे करारातल्या अटी नाटककाराला धापा टाकत ऐकाव्या लागल्या आणि त्यातल्या निम्म्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर विसरल्या. एक अट मात्र त्याने स्वतः घातली. श्रुतिकेतला सूत्रधार तो स्वतः होणार होता. घनगंभीर, भारदस्त, मधूनच मिश्कील असा आवाज त्याने आरशासमोर उभं राहून कमावला होता. हवालदाराची भूमिका तशी किरकोळ होती. मागून धापा टाकत यायचं, दोन-चार वाक्यं बोलायची, संपलं.

हवालदारासाठी रंगभूमीवरचा एक कसलेला नट ठरवला होता. पण कसलेल्या नटांना भूमिकेत शिरायची वाईट खोड असते. त्याने आठवडाभर घरी धापा टाकायचा इतका मन लावून सराव केला की रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याचा घसा पार बसला. तो आला, तोंड उघडलं, आणि सायकलच्या चाकातून हवा जावी तसा आवाज काढून घरी गेला.

स्टुडिओ तासांवर घेतलेला. रेकॉर्डिस्ट घड्याळाकडे बघतोय, मॅडम काचेपलीकडे येरझाऱ्या घालताहेत, आणि तेवढ्यात दार ढकलून साडू आत आला.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाथरूमच्या टाइल्सचं दुकान, गोल चेहरा, गोल पोट, आणि जिथे जाईल तिथे दोन मिनिटांत लोकांना आपलंसं करायची एक अत्यंत संतापजनक सवय. नाटककार घरी डबा विसरला होता, आणि स्टुडिओ दुकानाच्या वाटेवरच आहे म्हणून बायकोने तो भाऊजींच्या हाती पाठवला होता. लिफ्ट बंद होती. साडू सगळे जिने चढून आला होता.

"अहो साडूभाऊ... हा घ्या... डबा," तो भिंतीला धरून म्हणाला, "पण आधी... कोणीतरी मला... पाणी द्या, नाहीतर... डबा मलाच लागेल."

रेकॉर्डिस्टने मान वर केली. मॅडम थबकल्या. आणि इथे नियतीचा खेळ बघा, साडूच्या हातात कागद देणारा, त्याला माइकसमोर उभा करणारा, "घाबरू नका, नुसतं वाचा" म्हणणारा दुसरा कोणी नव्हता, तो स्वतः नाटककार होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याला मजा वाटली होती. साडूला प्रत्येक वाक्याआधी खरी धाप लागायला हवी म्हणून दिग्दर्शक या नात्याने तो त्याला जिना उतरून चढायला लावत होता. आपण खुर्चीत बसायचं, आणि साडूला फर्मान सोडायचं, "अजून एकदा, जरा जोरात." सासुरवाडीत कित्येक वर्षं थोरल्या जावयाचा मान मुकाट्याने बघत आलेल्या माणसाला यापेक्षा आणखी काय हवं?

खेळ बाजारात आला. पहिल्याच सकाळी बायको हेडफोन घालून बागेत गेली. नाटककार गॅलरीत उभा राहून वाट बघत होता. ती परत आली ती चपलांच्या कपाटाला धरूनच उभी राहिली. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नाटककाराला वाटलं चक्कर आली. तो धावला. आणि त्याच्या लक्षात आलं की ती हसतेय. पोट धरून हसतेय.

"अहो," ती हुंदका यावा तसं हसत म्हणाली, "काय बोललेत हो भाऊजी!"

नाटककाराच्या चेहऱ्यावर उमलू लागलेलं हसू जागच्या जागी सुकलं.

"ते म्हणतात," ती डोळे पुसत म्हणाली, "'अहो छत्रीवाले! जरा हळू पळा की! तुम्हाला पकडायची माझी इच्छा नाही हो, पण तुम्ही एवढे पुढे गेलात की लोकांना वाटतं, हवालदार उगाचच पळतोय!'"

"ते वाक्य माझं आहे," नाटककार म्हणाला.

"हो, पण बोललेत काय!"

"हेच वाक्य मी तुला स्वयंपाकघरात वाचून दाखवलं होतं."

"हो का?"

"तेव्हा तू 'झालं?' म्हणाली होतीस."

"असेन," ती म्हणाली, आणि पुन्हा आठवून हसत हसत आंघोळीला गेली. आतून पाण्याच्या आवाजावरही तिचं हसू ऐकू येत होतं. नाटककार बराच वेळ चपलांच्या कपाटापाशी उभा राहिला. त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते अपचन नव्हतं.

मत्सराची एक गंमत आहे. मनाला तो सांगून येत नाही आणि आला की जागा सोडत नाही. आठवडाभरात ओळखीच्या सगळ्यांच्या कानात साडू पळू लागला. दुकानात टाइल्स बघायला आलेली माणसं टाइल्स विसरून त्याला "जरा धापा टाकून दाखवा ना" म्हणू लागली. न्हाव्याने त्याचे केस फुकट कापले, तेही नाटककाराच्या शेजारच्याच खुर्चीत. सूत्रधाराबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढेना. नाटककाराने दातांच्या डॉक्टरांना आडून आडून विचारून पाहिलं, तर ते म्हणाले, "कोण सूत्रधार? अच्छा, ते मध्ये मध्ये सूचना देतात ते? मला वाटलं ते मोबाइल कंपनीचं आहे."

यावर कळस म्हणजे सोसायटीने साडूचा सत्कार ठरवला. साडू सोसायटीत राहतसुद्धा नव्हता! चेअरमन स्वतः वर आले आणि म्हणाले, "गौरवाचं भाषण तूच लिहून दे बाबा. तुझा हात चांगला आहे." ते गेले, आणि थोड्या वेळाने साडूचा फोन आला की सत्काराला उत्तर द्यायला चार शब्द लिहून द्याल का. म्हणजे साडूची स्तुती नाटककाराने लिहायची आणि साडूचा विनयही नाटककारानेच लिहायचा. त्याने दोन्ही लिहिलं. दोन्ही उत्तम लिहिलं, हे त्याचं दुर्दैव. सभेत लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि शेवटी साडूने एकच वाक्य पदरचं घातलं. "यात लेखकाचंही मला चांगलं सहकार्य लाभलं." आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळाचे आभार!

घरी येताना बायको म्हणाली, "किती साधे आहेत ना भाऊजी."

नाटककाराच्या अंगाचा तिळपापड झाला. पण विनोदी लेखकाला संतापताही येत नाही, कारण लोकांना वाटतं तो आता काहीतरी गमतीदार बोलणार आहे.

मग दुसऱ्या भागाचं काम निघालं, आणि नाटककाराच्या मनात पाप आलं. साडूला काढून टाकणं शक्य नव्हतं, मॅडमनी ते ऐकलं नसतं. पण साडूला कुठे बोलू द्यायचं, हे तर लेखकाच्या हातात होतं ना? त्याने विचार केला की हा खेळ विकत घेणारी माणसं धावायला आलेली असतात. ती धावणार, फार तर चालणार. उभं कोण राहणार? तेव्हा त्याने धावणाऱ्यांचे आणि चालणाऱ्यांचे सगळे तुकडे सूत्रधाराला दिले आणि हवालदाराला नेऊन टाकलं उभ्या राहणाऱ्यांच्या तुकड्यांत. तिथे साडूने हवं तेवढं बोलावं. ऐकायला येणार कोण, तर बुटाची नाडी सुटलेला एखादा.

पण मत्सर चढला की त्याची लेखणी जी सुटायची म्हणता! हवालदाराच्या तोंडी त्याने आपली सगळी जळजळ ओतली. "पुढे पळणाऱ्याचं नाव होतं, छत्रीवाल्या, आणि मागे पळणाऱ्याची फक्त धाप दिसते!" असली वाक्यं एकामागून एक येत गेली. साडू तर कागदांचा गठ्ठा बघून गहिवरला. "साडूभाऊ, या वेळी माझी भूमिका केवढी मोठी केलीत हो!" म्हणत त्याने मिठीच मारली. नाटककाराला क्षणभर लाज वाटली. पण क्षणभरच.

दुसरा भाग आला, आणि पहिले दोन दिवस सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी कुणाची तरी नाडी सुटली असावी.

त्यानंतर बागेत जे झालं ते नाटककाराने गॅलरीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सकाळच्या वेळी शंभरेक माणसं रंगीत बूट आणि तंग कपडे घालून बागेत यायची, धावपट्टीवर जायची आणि उभी राहायची. नुसती उभी. कोणी झाडाखाली, कोणी पट्टीच्या मधोमध. मधूनच एखाद्याचं पोट हलायचं, मधूनच कोणी मांडीवर थाप मारायचा. चुकून एखादा दोन पावलं चालला तर कानात सूत्रधार सुरू व्हायचा आणि तो दचकून पुन्हा उभा राहायचा. चेअरमन तर बागेपर्यंत जायचेच बंद झाले. ते पार्किंगमध्येच उभे राहायचे, आणि गाड्या काढणाऱ्यांना हाताने "जरा थांबा, रंगात आलंय" अशी खूण करायचे.

उद्यान कार्यालयातून नाटककाराला बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी नियमांचं जाड पुस्तक समोर ठेवलं.

"हे बघा," ते म्हणाले, "बसण्यासाठी बाक आहेत. चालण्यासाठी पायवाट आहे. धावण्यासाठी धावपट्टी आहे. झोपायला मनाई आहे. पण उभं राहण्याची आमच्याकडे तरतूदच नाही."

"मग उभं राहायला परवानगी आहे की मनाई आहे?" नाटककाराने विचारलं.

"तरतूद नाही म्हणजे दोन्हीही नाही. तुम्ही अर्ज करा."

"उभा मी राहत नाही हो, ते राहतात!"

"पण तुमच्यामुळे राहतात ना? मग अर्ज तुमचाच."

त्याने अर्ज लिहून दिला. साहेबांनी तो वाचून त्यातली भाषा फार रसाळ असल्याचं सांगितलं आणि जाता जाता विचारलं, "ते हवालदाराचं काम करणारे तुमच्या ओळखीतले का हो?"

मग कंपनीतून फोन आला. नाटककार गेला तर मॅडम खुर्चीत बसलेल्या होत्या. प्रकरण गंभीर आहे हे त्याला तिथेच कळलं.

"आपला खेळ सगळ्यात जास्त आवडलेला व्यायामाचा खेळ आहे," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि तो खेळणाऱ्यांची वजनं वाढताहेत."

"मला वाटतं हवालदाराला काढूनच टाकावं," नाटककार चटकन म्हणाला. शक्य तितक्या जड अंतःकरणाने म्हणाला.

"नाही नाही. मी सगळी माहिती तपासली. लोक कधी थांबतात, कधी निघतात, सगळं. आणि मला एक विलक्षण गोष्ट दिसली. ती तुमच्या आवाजाबद्दल आहे."

नाटककार सावरून बसला. इतक्या दिवसांनी कोणीतरी त्या आवाजाचं नाव काढलं होतं.

"तुमच्या आवाजात एक शक्ती आहे."

"तसं बरेच जण..." नाटककार विनयाने पुटपुटला, जरी ते खरं नव्हतं.

"तो सुरू झाला की माणूस आहे त्या स्थितीत राहू शकत नाही. धावत असेल तर थांबतो. चालत असेल तर थांबतो. काहीही करतो, पण तो आवाज बंद होईल असं करतो. ही केवढी मोठी ताकद आपण चुकीच्या जागी वापरत होतो!" मॅडम उठून येरझाऱ्या घालू लागल्या. "आता उलट करायचं. माणूस धावला की हवालदार, आणि थांबला की लगेच तुम्ही. बघाच, कोणी थांबणार नाही."

नाटककाराने आयुष्यात अनेक अपमान पचवले होते. पण इतक्या आदराने झालेला अपमान पहिलाच. नाही म्हणावं तर काम जातं, हो म्हणावं तर अब्रू. त्याने काम ठेवलं.

हवालदाराचे सगळे तुकडे धावणाऱ्यांकडे गेले, चालणाऱ्यांच्या वाट्याला काहीच ठेवलं नाही, आणि थांबणाऱ्यांसाठी नाटककाराने सूत्रधाराचं नवं निरूपण भरलं. छत्रीचा इतिहास, छत्रीचं मानवी जीवनातलं स्थान, वगैरे. त्यात त्याने जीव ओतला होता. आणि बाग धावू लागली. अशी धावू लागली की माळ्याला रोपांभोवती दोरी बांधावी लागली. चेअरमन जिन्यात भेटले तेव्हा घामाने निथळत होते.

"काय आवाज आहे रे तुझा!" ते भारावून म्हणाले. "परवा गुडघा दुखत होता म्हणून जरा टेकलो, तर तू सुरू झालास. गुडघा विसरलो बघ!"

दातांच्या डॉक्टरांनी तर तो आवाज दवाखान्यात लावायची परवानगी मागितली. प्रतीक्षेत बसलेले पेशंट पटापट आत येतील असा त्यांचा अंदाज होता. इकडे साडूची कीर्ती आणखी वाढली, कारण आता त्याच्यामुळे लोक बारीक होताहेत असं सगळे म्हणू लागले. पिटाळून लावणारा एक, आणि श्रेय पुढे उभ्या असलेल्याला. जेवताना बायको म्हणाली, "भाऊजींना काय नाव मिळालं हो!" नाटककाराने नुसतीच मान हलवली. जेवण गेलं नाही.

शेवटी त्याला राहवेना. आपल्या आवाजापासून नेमकं कोण कोण पळतंय, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून तो सकाळी बागेत गेला आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बाकावर बसला. मनात खरी भीती एकच होती. सगळं गाव पळालं तरी चालेल, पण बायको पळताना दिसू नये. आणि दुसरी भीती अशी, की ती पळणारच. ती साडूसाठी पळणार.

माणसं समोरून जात होती. लाल चेहरे, उघडी तोंडं. मधूनच कोणी दमून वेग कमी करायचा, उभा राहायचा, चेहऱ्यावर एक वेदना उमटायची आणि तो जिवाच्या आकांताने पुन्हा सुटायचा. प्रत्येक वेदना नाटककाराच्या काळजात जात होती. 'छत्रीचा इतिहास चालू झाला असेल,' तो मनात म्हणायचा.

आणि मग त्याला पाण्याच्या टाकीच्या सावलीत बायको दिसली. ती उभी होती. सगळी बाग तिच्यासमोरून पळत होती, आणि ती आपली हाताची घडी घालून उभी. चांगली निवांत. हेडफोन कानात होते.

मोबाइल बंद पडला असेल, त्याला वाटलं. मग वाटलं, साडूने हिला खास काहीतरी वेगळं करून दिलंय. मत्सर माणसाला कुठे कुठे नेतो बघा. त्याने वर्तमानपत्र बाकावर टाकलं आणि तडक टाकीपाशी गेला.

"कोण बोलतंय?" त्याने दरडावून विचारलं.

बायको दचकली. "अहो! तुम्ही इथे काय करताय?"

"कानात कोण बोलतंय ते सांग आधी."

"तुम्ही," ती म्हणाली. "दुसरं कोण? छत्रीचं चाललंय."

सगळे पळताहेत आणि ही उभी राहून ऐकतेय, याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"तुला आवडतं?" त्याने अगदी हळू विचारलं.

"थांबा, गंमत दाखवते," ती म्हणाली. तिने एका कानातला हेडफोन काढून त्याच्या कानात घातला. त्याचा स्वतःचाच भारदस्त आवाज सांगत होता, "छत्री ही केवळ वस्तू नव्हे, तर मानवाने आकाशाला दिलेलं..." बायकोने एक पाऊल पुढे टाकलं. आवाज कचकन तुटला. तिने थांबून वाट बघितली. आवाज पुन्हा सुरू झाला, "छत्री ही केवळ..." तिने पुन्हा पाऊल टाकलं. पुन्हा चिडीचूप.

आणि ती हसली. आधी गालात, मग मोठ्याने, मग टाकीच्या खांबाला धरून पोटावर हात दाबत.

"लग्न झाल्यापासून," ती श्वास घेत म्हणाली, "तुम्ही बोलायला लागलात की थांबवायची सोयच नाही हो! आणि इथे बघा. ऐकावंसं वाटलं की उभी राहते. पुरे झालं की एक पाऊल टाकते. की तुम्ही गप्प! रोज येते मी यासाठी. लोक धावायला येतात, मी तुम्हाला गप्प करायला येते."

"म्हणजे माझ्या विनोदाला कधीच..."

"अहो, विनोद चांगलेच असतात तुमचे. पण मी हसले की तुम्ही तोच विनोद पाहुण्यांना सांगता, मग शेजाऱ्यांना सांगता, मग पुन्हा मला सांगता. म्हणून मी हसतच नाही. धीर धरते."

हे बोलता बोलता तिला पुन्हा हसू फुटलं. नाटककार तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण हे हसणं त्याचं होतं. पूर्ण त्याचं. यात साडूचा धापेएवढाही वाटा नव्हता.

"म्हणजे तू आता हसलीस ते लेखनाला, की आवाजाला?" त्याने विचारलं.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि एक पाऊल पुढे टाकलं.

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही असं तिने घरी येईपर्यंत दोनदा बजावलं. नाटककाराने ती चेअरमनना सांगितली, डॉक्टरांना सांगितली, आणि मग राहवेना म्हणून दुकानात साडूला फोन लावला. "साडूभाऊ," तो म्हणाला, "सगळी बाग तुमच्यासाठी पळते हे खरं. पण आमची ही एकटी माझ्यासाठी उभी राहते बरं का." पाऊल टाकण्याचा भाग त्याने वगळला.

पलीकडून धापसुद्धा ऐकू आली नाही.

"भाग्यवान आहात," साडू शेवटी म्हणाला. त्याचा आवाज नाटककाराने एवढा बारीक कधी ऐकला नव्हता. "आमच्या हिने तो खेळ अजून उघडलेलासुद्धा नाही. 'घरात ऐकते तेवढं पुरे आहे' म्हणाली."

नाटककाराला त्याचं फार वाईट वाटलं. पण त्याआधी फार आनंद झाला होता, हेही इथे सांगून टाकलेलं बरं.